नौदल वैमानिकाचे लॉगबुक : कौटुंबिक इतिहासाचे साधन आणि त्याच्या वाचनाची चिकित्सा

प्रस्तावना

ऐतिहासिक साधनांच्या दोन प्रकारांतील भेद मराठी अभ्यासकाला चांगला परिचित आहे. घटना घडत असताना व्यवहाराच्या गरजेतून लिहिला गेलेला कागद हा पहिला प्रकार. आणि घटना होऊन गेल्यावर, बहुधा कोणाच्या तरी गौरवासाठी रचलेली बखर हा दुसरा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हा बखरीपेक्षा समकालीन पत्राचे वजन अधिक मानावे, ही दृष्टी येथे रुजली. घराघरांतील माळ्यांवर पडलेली दप्तरे त्यामुळे इतिहासाचा विषय बनली.

विसाव्या शतकातील लष्करी कुटुंबांच्या घरीही अशी दप्तरे आहेत. मात्र त्यांच्याकडे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी अद्याप पुरेशी रुजलेली नाही. नौदलातील वैमानिकाचे 'लॉगबुक', म्हणजेच उड्डाण-नोंदवही, हे अशा दप्तराचे एक ठळक उदाहरण होय. वैमानिकाच्या निधनानंतर ही वही पदकांबरोबर एखाद्या पेटीत ठेवली जाते. पुढील पिढीतील कोणी तरी ती उघडतो, एखाद्या प्रसिद्ध मोहिमेची तारीख शोधतो, त्या पानाचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठवितो आणि वही पुन्हा पेटीत जाते. जतन आणि प्रसार ही दोन्ही कर्तव्ये पार पडली, अशी त्याची समजूत होते. ही समजूत कितपत योग्य आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ब्रिटिश नौदलाची हवाई शाखा 'फ्लीट एअर आर्म' हे मुख्य उदाहरण घेतले असून, अखेरीस भारतीय नौदलाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

लॉगबुकाचे स्वरूप

लॉगबुक ही रोजनिशी नव्हे. रोजनिशीत लिहिणाऱ्याला काय लिहावे याचे स्वातंत्र्य असते. लॉगबुकात रकाने आधीच छापलेले असतात. दिनांक, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, वैमानिकाचे नाव, सोबतच्या व्यक्तींची नावे, कामगिरीचे स्वरूप, दिवसाच्या व रात्रीच्या उड्डाणाचा अवधी असे हे रकाने असतात. नौदलाच्या वैमानिकाला आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. तो म्हणजे विमानवाहू नौकेच्या डेकवर किती वेळा उतरलो याचा. महिनाअखेर तासांची बेरीज होते व तिच्याखाली वरिष्ठाची स्वाक्षरी पडते. ठरावीक काळाने वैमानिकाच्या कौशल्याविषयी 'सरासरी', 'सरासरीहून वरचा' असा शेरा नोंदविला जातो. निष्काळजीपणाने अपघात घडला असल्यास त्याचीही नोंद होते.

या रचनेतून दोन वैशिष्ट्ये निष्पन्न होतात. पहिले असे की, ही वही लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर उभी नसते. वरिष्ठाची स्वाक्षरी तिला साक्षीपुराव्याचे बळ देते. दुसरे असे की, तिच्यात भावनेला जागा नसते. भीती, थकवा, सहकाऱ्याचा मृत्यू यांसाठी रकाना नाही. नोंदीचा रकाना इतका अरुंद असतो की चार-पाच शब्दांपलीकडे मजल जात नाही. त्यामुळे पाणबुडीच्या शोधातील तीन तासांची कंटाळवाणी गस्त आणि प्राणांवर बेतलेला हल्ला या दोन्ही गोष्टी सारख्याच उंचीच्या दोन ओळींत बसतात. वाचणाऱ्याला ही सपाटी प्रथम निराश करते. पण लिहिणाऱ्याने त्या दिवशी, त्या परिस्थितीत जे नोंदविले तेच येथे आहे, याची खूण हीच सपाटी होय.

संक्षेप आणि संकेत हा लॉगबुक वाचताना येणारा पहिला अडथळा. फ्लीट एअर आर्मच्या किनाऱ्यावरील विमानतळांनाही नौकांप्रमाणे नावे देण्याची प्रथा होती. सॉमरसेट परगण्यातील येव्हिल्टनचा तळ 'हेरॉन', तर ली-ऑन-सोलंटचा तळ 'डीडालस' या नावाने ओळखला जाई. हे ठाऊक नसलेला वंशज 'हेरॉन' नावाच्या जहाजाचा शोध घेत राहतो आणि आजोबांनी कधी न केलेला समुद्रप्रवास कुटुंबाच्या इतिहासात शिरतो. डेकवर उतरण्याचा सराव जमिनीवरील धावपट्टीवर करून घेत असत. त्या सरावाची संक्षिप्त नोंद प्रत्यक्ष नौकेवरील अवतरण समजली गेली, तर वैमानिकाचा अनुभव कागदावर फुगतो. वहीतील शब्द खरा असला तरी वाचन खोटे ठरू शकते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

नोंद आणि कथन

लॉगबुक काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करू शकत नाही, हे स्पष्ट होण्यासाठी २६ मे १९४१ चा प्रसंग उपयुक्त आहे. त्या दिवशी सायंकाळी 'आर्क रॉयल' या विमानवाहू नौकेवरून १५ स्वोर्डफिश विमानांनी 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेवर पाणतिरांचा हल्ला केला. एका पाणतिराने तिचे सुकाणू निकामी झाले आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. या हल्ल्यातील एक वैमानिक जॉन मॉफट यांचे आत्मकथन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'बिस्मार्क मी बुडविली' असा होतो.

हे शीर्षक चिकित्सेस पात्र आहे. ढगाळ हवा, मावळता प्रकाश, तोफांचा मारा आणि निरनिराळ्या दिशांनी आलेली १५ विमाने या परिस्थितीत कोणता पाणतीर कोणाचा, हे निश्चित करणे कठीण असल्याने अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही. वैमानिकाचे लॉगबुक येथे मर्यादित पण भक्कम साक्ष देते. अमुक विमानातून, अमुक सहकाऱ्यांसह, अमुक वेळ उड्डाण केले व हल्ला केला, इतकेच ते सांगू शकते. सुकाणूवर लागलेला पाणतीर कोणाचा, हे सांगण्याची त्याची शक्ती नाही. कथनाला नायक लागतो, नोंदीला लागत नाही. शिवाय स्वोर्डफिश हे बहुधा तिघांचे विमान. त्यात वैमानिक, दिशा ठरविणारा 'ऑब्झर्व्हर' आणि बिनतारी यंत्र व मशीनगन सांभाळणारा 'टेलिग्राफिस्ट एअर गनर' असत. शीर्षकातील 'मी' हे एकवचन त्याच वैमानिकाच्या वहीतील नावांच्या रकान्याशी विसंगत ठरते.

त्याच दिवशी दुपारी याच नौकेवरून निघालेल्या पहिल्या तुकडीने चुकून 'शेफील्ड' या आपल्याच क्रूझरवर पाणतीर सोडले होते. अनेक पाणतिरांचे चुंबकीय स्फोटक आधीच फुटले आणि जहाज बचावले. दोष ध्यानात आल्यामुळे सायंकाळच्या हल्ल्यात आघाताने फुटणारी स्फोटके वापरली गेली. म्हणजे दुपारची चूक हा सायंकाळच्या यशाचा एक कारणभाग होता. विजयाची तेवढी ओळ उचलून दाखविणाऱ्या कौटुंबिक कथनात हा कार्यकारणभाव हरवतो. सलग पानांच्या वाचनात तो सापडण्याची शक्यता तरी राहते.

कॅप्टन एरिक ब्राऊन यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने उद्बोधक आहे. ३ डिसेंबर १९४५ रोजी 'ओशन' या नौकेवर जेट विमान उतरवून त्यांनी नौदल विमानविद्येच्या इतिहासात नवे पर्व सुरू केले. ४८७ प्रकारची विमाने चालविणे आणि २४०७ वेळा डेकवर उतरणे हे त्यांच्या नावावरील विक्रम आहेत. उड्डाणागणिक नोंद ठेवण्याची शिस्त नसती तर असे आकडे उच्चारताच आले नसते. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर पॉल बीव्हर यांनी लिहिलेले चरित्र २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या जन्माविषयी व बालपणाविषयी प्रचलित असलेल्या कथनावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. आयुष्यातील हजारो अवतरणे मोजलेल्या माणसाच्या कुळाची हकीकत मात्र कोणत्याही लॉगबुकात सापडणारी नव्हती. तात्पर्य, लॉगबुक हे कौटुंबिक इतिहासाचे अस्सल साधन असले तरी तो संपूर्ण कौटुंबिक इतिहास नव्हे. पत्रे, सेवापुस्तिका, जन्मनोंदी आणि घरातील आठवणी यांच्या शेजारी ठेवूनच त्याचे वाचन व्हावयास हवे.

दुसऱ्या नावांचा रकाना

लॉगबुकाच्या जतनाविषयीची चर्चा बहुधा कागद, शाई आणि पेटी यांभोवती फिरते. तिच्यातून एक मूलभूत प्रश्न सुटून जातो. ही वही कोणाची? कायद्याने ती वारसाची असेल. पण तिच्यातील प्रत्येक ओळीत वैमानिकाव्यतिरिक्त इतरांची नावे आहेत. फ्लीट एअर आर्मच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, कारण तेथील अनेक विमाने दोघा-तिघांची होती. एअर गनर हे बहुधा अधिकारी नसून खलाशी दर्जाचे, अल्पवयीन तरुण असत. आत्मकथने मुख्यतः वैमानिकांनी लिहिली. गनरांचीही स्वतंत्र लॉगबुके असत. परंतु विमान किंवा नौका बुडाली, घर बदलले किंवा वारसच राहिला नाही, तर त्यांच्यामागे एक तार आणि स्मारकावरील एक नाव एवढेच उरले. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा फ्लीट एअर आर्मच्या जवळजवळ २००० जणांची नावे ली-ऑन-सोलंट येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

अशा एखाद्या तरुणाचा शेवटचा महिना कसा गेला, तो किती वेळा आणि कोणाबरोबर उडाला, आधीच्या आठवड्यात त्याचे विमान नादुरुस्त होऊन परतले होते काय, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या कुटुंबाच्या घरी नसतात. ती दुसऱ्याच कुटुंबाच्या पेटीत, दुसऱ्याच वैमानिकाच्या वहीतील नावांच्या रकान्यात असतात. या परिस्थितीत लॉगबुक बंद ठेवणे म्हणजे आपल्या आजोबांचा कागद सांभाळणे एवढेच नव्हे, तर दुसऱ्याच्या आजोबांचा कागद अडवून ठेवणे होय. लॉगबुक इतरांना उपलब्ध करून देणे याकडे वारसाचे औदार्य म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ते ऋण फेडणे आहे.

ही भूमिका मान्य केली की प्रसाराच्या पद्धतीविषयीचे निकषही बदलतात. प्रसिद्ध दिवसाचे एक पान प्रसृत करणे अपुरे ठरते, कारण इतर कुटुंबांना हवी असलेली ओळ बहुधा साध्या गस्तीच्या पानावर असते. संपूर्ण वही, मुखपृष्ठापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत, क्रमाने उपलब्ध झाली पाहिजे. आणि वंशजाने सूची करावयाची तर ती प्रथम मोहिमांची नव्हे, माणसांच्या नावांची करावी.

वंशजांचे मौन हाही चर्चेचा विषय आहे. कौशल्याविषयीचा साधारण शेरा, अपघाताची नोंद किंवा निष्काळजीपणाचा ठपका असलेली पाने वगळून उरलेली पाने दाखविण्याकडे अनेकांचा कल असतो. ही भावना समजण्यासारखी असली तरी समर्थनीय नाही. बर्फाळ वाऱ्यात, हलत्या डेकवर, अंधारात उतरणाऱ्या विशीतल्या मुलाची चूक ही त्याच्या कुटुंबाची नामुष्की नसून त्या युद्धाचे वास्तव आहे. पाने गाळली की वहीची बखर होते.

लॉगबुकांचा बाजार ही आणखी एक अडचण. पदके आणि लॉगबुके लिलावात विकली जातात आणि वहीची किंमत बहुधा तिच्यातील एखाद्या प्रसिद्ध तारखेवर ठरते. एकाच वैमानिकाच्या दोन-तीन वह्या, पत्रे व छायाचित्रे वेगवेगळ्या ग्राहकांकडे गेली की त्यांचा परस्परसंदर्भ कायमचा तुटतो. वही विकण्याचा अधिकार वारसाला आहे; पण विक्रीपूर्वी तिची संपूर्ण प्रत एखाद्या संग्रहालयाकडे देणे एवढे भान त्याने ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. येव्हिल्टन येथील फ्लीट एअर आर्म संग्रहालय आणि क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागार या संस्थांमुळे ब्रिटनमध्ये असा पर्याय उपलब्ध आहे. नौकांची लॉगबुके आणि स्क्वाड्रनच्या नोंदी क्यू येथे पाहावयास मिळतात. रे स्टर्टिव्हंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी फ्लीट एअर आर्मची स्क्वाड्रने व विमाने यांच्या विस्तृत सूची सिद्ध केल्या आहेत. अशा सूचींशी ताडून पाहिले की विमानक्रमांकाचा निर्जीव रकानाही बोलू लागतो. तेच विमान आदल्या दिवशी कोणी चालविले आणि पुढे त्याचे काय झाले, हे कळते.

जतनाची व्यावहारिक बाजू

जतनाचे तंत्र फारसे अवघड नाही. अज्ञानातून होणारी हानी मात्र मोठी असते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावणे, पाने प्लॅस्टिकमध्ये बंद करणे आणि शिवण उसवून पाने सुटी करणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळावयास हव्यात. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो, तर प्लॅस्टिकचे आवरण मूळ कागदाला इजा न करता काढता येत नाही. वही आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवावी. कोकण-गोव्यासारख्या दमट हवामानात पावसाळ्यात बुरशी व कसर यांची पाहणी करावी. पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, कात्रणे किंवा छायाचित्रे जेथे सापडली तेथील पानाची नोंद करूनच बाजूला काढावीत.

प्रत घेताना वही काचेवर दाबण्यापेक्षा वरून छायाचित्रण करणे श्रेयस्कर. रंगीत प्रतच घ्यावी, कारण रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहिण्याची प्रथा होती आणि कृष्णधवल प्रतीत रात्र व दिवस एक होतात. लिप्यंतर करताना संक्षेप मुळाबरहुकूम ठेवून त्यांचा उलगडा स्वतंत्र रकान्यात द्यावा. संपादकाने मुळात ढवळाढवळ करू नये, हा जुन्या कागदांच्या संपादनातील दंडक येथेही तंतोतंत लागू पडतो.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न केवळ ब्रिटनचा नाही. दुसऱ्या महायुद्धात कोइम्बतूर येथे ब्रिटिश नौदलाचा विमान दुरुस्ती तळ 'गरुड' या नावाने, तर जवळच्या सुलूर येथील विमानतळ 'वैरी' या नावाने चालत असे. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली भारतीय नौदलाचा कोची येथील हवाई तळ 'आयएनएस गरुड' या नावाने सुरू झाला. १९६१ साली सुलूर येथे 'आयएनएस हंसा' हा तळ स्थापन झाला आणि गोवामुक्तीनंतर, १९६४ साली, तो दाबोळी येथे आला. सुलूर हे एकच ठिकाण अशा रीतीने दोन नौदलांच्या लॉगबुकांत येते. सीहॉक विमानांचे भारतीय स्क्वाड्रन १९६० साली ब्रिटनमध्येच उभे राहिले. त्या पिढीच्या वह्यांत इंग्लंड-वेल्समधील तळ, सुलूर, दाबोळी आणि 'विक्रांत'चे डेक ही नावे एकामागून एक येणे स्वाभाविक आहे. डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत'वरून कॉक्स बाजार व चितगाववर झालेले हवाई हल्लेही त्याच वह्यांच्या अरुंद रकान्यांत नोंदले गेले असणार.

ज्या नौकेवर ही अवतरणे झाली ती 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली दारूखाना येथे तोडली गेली. 'विराट' २०१७ साली निवृत्त झाली; तिचीही पुढे अलंग येथे मोडतोड झाली. लोखंड भंगारात गेले. त्या डेकवरील प्रत्येक अवतरणाची हस्तलिखित साक्ष मात्र वैमानिकांच्या घरी शिल्लक असू शकते. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ पासून नौदल विमान संग्रहालय आहे आणि तेथे विमाने पाहावयास मिळतात. परंतु विमान किती उंच उडाले हे विमान सांगेल, त्यात मागे कोण बसले होते हे वहीच सांगेल.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध व मोहिमांच्या नोंदी साधारणतः २५ वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्ह आहे. तथापि, त्याचा संबंध शासकीय दप्तरांशी आहे. घरच्या पेटीतील वही त्याच्या कक्षेबाहेर राहते. येथे सावधगिरीही आवश्यक आहे. या वह्यांत नाव असलेल्या काही व्यक्ती हयात आहेत आणि शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अस्तित्वात आहे. म्हणून सरसकट प्रसिद्धीपेक्षा आधी संपूर्ण प्रत करणे, नावांची सूची सिद्ध करणे आणि संबंधितांच्या संमतीने टप्प्याटप्प्याने ती खुली करणे हा मार्ग योग्य ठरेल. मात्र विलंबाला फारसा वाव नाही. १९६० च्या सुमारास तरुण असलेली ती पिढी आज नव्वदीच्या आसपास आहे. संक्षेपांचा उलगडा करणारा जाणकार शेजारी बसलेला असताना वही वाचणे आणि तो गेल्यावर ती वाचणे यांत मोठे अंतर आहे. महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांना मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांतून या कामी हातभार लावता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. नौदल वैमानिकाचे लॉगबुक हे समकालीन, साक्षांकित आणि म्हणून अस्सल साधन आहे. परंतु त्याची साक्ष उड्डाणापुरती मर्यादित आहे.

२. कौटुंबिक कथन नायक शोधते, तर लॉगबुक सहकाऱ्यांसह केलेले काम नोंदविते. या दोहोंतील विसंगती लपविण्याऐवजी तिचीच चिकित्सा व्हावयास हवी.

३. लॉगबुकावर वैमानिकाच्या कुटुंबाचा ताबा असला तरी त्यातील माहितीवर सहकाऱ्यांच्या कुटुंबांचाही नैतिक हक्क आहे. म्हणून निवडक पानांचा प्रसार अपुरा असून संपूर्ण वही व नावांची सूची उपलब्ध करणे आवश्यक आहे.

४. भारतीय नौदल वैमानिकांच्या पहिल्या पिढीच्या वह्यांबाबत हे काम जाणकार हयात असतानाच हाती घेतले पाहिजे.

राजवाडे यांच्या काळी दप्तरे वाळवीने खाल्ली, काही रद्दीत गेली आणि काही वारसांच्या संशयामुळे कुलपात राहिली. लॉगबुकांपुढील धोके याहून फारसे वेगळे नाहीत. पेटीत सुरक्षित राहिलेली वही टिकते, एवढेच. तिच्यातील दुसऱ्या रकान्यातले नाव ज्या घरी आठवले जाते, त्या घरी ती पोहोचली, तरच तिचे जतन झाले असे म्हणता येईल.